पान दोनशे बारा, पुन्हा

अजनीच्या या तिसऱ्या मजल्यावर
भर मे महिन्यात कूलर बंद.
एसीही बंद, त्याची घरघर माइकला ऐकू जाते.
भिंतींना गाद्या टांगल्यात,
दाराच्या फटीत सुगतने आईची जुनी साडी कोंबली आहे,
आणि मी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी,
माझीच कादंबरी मोठ्याने वाचते आहे
पहिल्यांदा.

खरंच पहिल्यांदा.
लिहिताना ओठ हलले नव्हते.
घर झोपल्यावर लिहायचे,
म्हणून वाक्यं इतकी लांब:
दम कुठे घ्यायचा, हे कुणी विचारलंच नव्हतं.
आता घेते, तर सुगत म्हणतो,
मॅडम, श्वास ऐकू येतो. बांगड्याही.
बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या.
श्वास कुठे ठेवू?

मधूनच यार्डात इंजिन शिट्टी देतं.
काचेपलीकडून तो बोट वर करतो
आणि मी अर्ध्या वाक्यावर
तोंड उघडं ठेवून बसते,
दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशी.

पान दोनशे बारा.
पार्बता माग सोडून निघाली आहे.
उंबऱ्यात थांबून नवऱ्याला म्हणते:
‘मी आता जात आहे. दिवा विझवून टाका.’
असं छापलंय.
मी वाचलं:
‘मी जाऊन राहिली. दिवा इझवून टाकजा.’

सुगतने एका कानावरचा हेडफोन सरकवला.
मॅडम, पुस्तकात असं नाही.
माहीत आहे, म्हटलं. पुन्हा घे.
पुन्हा तेच.
तिसऱ्यांदाही तेच; तुटल्या धाग्यात धोटा अडकावा
तशी जीभ त्याच जागी.

सतरा वर्षांपूर्वी पुण्याहून हस्तलिखित परत आलं होतं,
समासात हिरवी शाई:
‘वाचक अडखळेल.’
आणि मी, गोळीबार चौकातली,
जिची आई कांड्या भरता भरता आंधळी झाली,
मी प्रत्येक पानाखाली लिहिलं: मान्य.
पार्बताला शुद्ध केली. तिच्या सासूला केली.
पाण्यासाठी भांडणाऱ्या अख्ख्या गल्लीला
व्याकरणाच्या रांगेत उभं केलं.
दोन पुरस्कार मिळाले.
कुणीही अडखळलं नाही.

सुगतने घेतलेलं ऐकवलं.
हेडफोनमध्ये कुणीतरी खरखरीत बाई,
गुडाखूनं घासलेल्या दातांमागून बोलणारी.
हा माझा आवाज नाही, मी म्हटलं.
सगळेच असं म्हणतात, तो म्हणाला.
त्याला काय सांगू,
की मोठ्या आईला जाऊन तीस वर्षं झाली,
की ती सही करायची नाही, अंगठा द्यायची,
की दिव्याचं वाक्य मी रचलेलं नाहीच,
ते तिनं म्हटलं होतं, दवाखान्यात नेताना,
दुपारी दोन वाजता,
आणि घरात दिवा लागलेला नव्हता.

कोणतं ठेवू? त्यानं विचारलं.
माझी आजी असंच बोलते, इंदोऱ्याला, तो पुढे म्हणाला,
जणू त्यानं काही ठरणार होतं.

मग म्हणाला, आज एक काम उरकून टाकू.
एक मिनिट नुसतं बसा. बोलू नका.
या खोलीची शांतता घेऊन ठेवतो.
जिथे काही कापतो, तिथे ती भरावी लागते,
नाहीतर खड्डा ऐकू येतो.

बसले.
गाद्या, साडी, काच.
कपाळावरून घाम उतरला, तोही आवाज न करता.
हिरव्या शाईनं कापलेल्या जागी
मी काय भरलं होतं, ते आठवेना.
चाळिसाव्या सेकंदाला
सकाळचे तर्री-पोहे पोटात बोलले,
स्पष्ट, खणखणीत, अस्सल.

सुगत टेबलावर डोकं ठेवून हसला.
मीही.
यार्डात इंजिन. बोट वर. थांबलो.

पुन्हा घेऊ, मी म्हटलं.
शांतता?
नाही. दोनशे बारा.
त्यानं बाटली पुढे केली.
‘आधी पाणी पिऊन घेजा, मॅडम.’
त्याच्या लक्षात आलं नाही.
मी प्याले.